घाटाचा राजा आणि पिवळी जर्सी

१२ जुलै १९६४. फ्रान्सच्या मध्यभागी पुई द डोम नावाचा एक विझलेला ज्वालामुखी आहे. त्याला वेढे घेत वर जाणाऱ्या रस्त्यावर त्या दिवशी दोन सायकलस्वार खांद्याला खांदा लावून चढत होते. एक जाक आंकेतील, अंगात शर्यतीत आघाडीवर असलेल्याची पिवळी जर्सी. दुसरा रेमों पुलिदोर, त्याच्यापेक्षा ५६ सेकंदांनी मागे असलेला. दोघांची कोपरं एकमेकांना घासताहेत असा त्या क्षणाचा फोटो सायकलिंगच्या जवळपास प्रत्येक इतिहासात छापलेला असतो. माथा जवळ आला तसा आंकेतील ढिला पडला आणि पुलिदोरने ४२ सेकंद कमावले. पिवळी जर्सी १४ सेकंदांनी वाचली. दोन दिवसांनी पॅरिसमध्ये आंकेतीलने ‘टूर द फ्रान्स’ पाचव्यांदा जिंकली.

त्या फोटोत न दिसणारी गोष्ट अशी की हे दोघं त्या दिवशी पहिले नव्हतेच. पुलिदोर पोचण्याच्या जवळजवळ मिनिटभर आधी हुलिओ हिमेनेथ नावाचा स्पॅनिश सायकलपटू माथ्यावर पोचला होता. त्याच्या मागोमाग दुसरा आला तोही स्पॅनिश, फेदेरिको बहामोंतेस. जगातले सर्वोत्तम घाट चढणारे दोघं घाटात पहिले-दुसरे आले, आणि साऱ्या जगाने तिसऱ्या-पाचव्या क्रमांकावरच्या झुंजीचा फोटो जपून ठेवला. कारण शर्यत जिंकणार ते त्या झुंजणाऱ्या दोघांपैकी कोणीतरी, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

निव्वळ घाट चढण्यात पटाईत असलेला गडी टप्प्याटप्प्यांच्या मोठ्या शर्यतीत अष्टपैलू गड्याला हरवू शकतो का, हा वाद शंभरेक वर्षं चालू आहे. आपल्यालाही तो परका नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा वेगळा किताब मिळतो आणि पुण्यात रेष आधी ओलांडणारा शर्यतीचा विजेता ठरतो. एकाच माणसाने दोन्ही पटकावणं अशक्य नाही, पण किताब दोन ठेवावे लागले यातच बरंच काही आलं. नकाशा पाहा. खोपोलीहून घाट सुरू होतो, खंडाळ्याला संपतो, आणि लोणावळ्यानंतर पुणं साठ-पासष्ट किलोमीटर उरतं, तेही बहुतेक सपाट किंवा हलक्या उताराचं. घाटात कमावलेली दोन मिनिटं कामशेत ते चिंचवडच्या मधे मागून येणारा घोळका आरामात गिळून टाकतो. उद्या कोणी मुंबई-नाशिक शर्यत भरवली आणि शेवटची रेष अंबडला एमआयडीसीच्या तोंडाशी आखली, तरी हेच होईल. कसारा घाटात कोणी कितीही उडाला तरी इगतपुरीपासून घोटी, वाडीवऱ्हे, विल्होळी असा चाळीसेक किलोमीटरचा उघडा रस्ता त्याला एकट्याने, तोंडावर वारा घेत कापावा लागेल.

कसाऱ्याला आगगाडीच्या मागे जादा इंजिन लागतं, त्याला रेल्वेवाले बँकर म्हणतात. सदतिसास एक अशा चढावर ते गाडी ढकलत इगतपुरीपर्यंत नेतं आणि तिथे सुटतं. भुसावळपर्यंत ते न्यायचं कोणाच्या मनातही येत नाही. घाटवीराचं बरंचसं तसंच आहे, आणि त्यामागे सरळ हिशेब आहे. चढावर वेग पंधरा-वीस किलोमीटरवर येतो आणि पायांची बहुतेक ताकद स्वतःचं वजन वर उचलण्यात जाते. तिथे किती ताकद यापेक्षा किलोमागे किती ताकद याला मोल असतं. मार्को पांतानी ५७ किलोंचा होता, मिगेल इंदुराइन ऐंशीच्या आसपास. सपाटीवर ताशी पंचेचाळीसच्या वेगात लढाई हवेशी होते, आणि हवा वजन विचारत नाही. वेग वाढेल तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने. बारीक माणसाचं शरीर हवेला अडतं थोडं कमी, पण त्याच्या इंजिनाची एकूण ताकद त्याहून बरीच कमी असते. घोळक्यात दुसऱ्याच्या मागे लपून तो ही उणीव झाकतो. टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकट्याने पळायच्या टप्प्यात, लपायला कोणी नसतं.

आता या वादातली माझी बाजू सांगून टाकतो. हा सामना बहुतेक वेळा घाटात ठरतच नाही. तो आदल्या हिवाळ्यात, नकाशावर पेन्सिल फिरवणाऱ्या माणसाच्या टेबलावर ठरतो. उरलेलं काम वारा, पाऊस आणि इतरांची भांडणं करतात.

टूर द फ्रान्स १९०३ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात डोंगर जवळजवळ नव्हतेच. १९०५ मध्ये बालों दाल्सास हा पहिला मोठा चढ आला. रने पोतिए तो सर्वांत आधी चढला आणि पुढच्याच टप्प्यात दुखापतीने बाहेर पडला. पुढल्या वर्षी मात्र त्याने चढही जिंकला आणि शर्यतही, म्हणजे आरंभीच घाटवीराचं पारडं जड दिसलं. १९१० साली शर्यत पिरेनीज पर्वतात न्यायची ठरली आणि संयोजकांचा माणूस आल्फोंस स्टाइनेस टूरमालेची वाट पाहायला गेला. बर्फात गाडी अडकली, रात्री पायी चालताना तो चुकला, मरता मरता वाचला. दुसऱ्या दिवशी त्याने संपादक-संयोजक आंरी देग्रांजला तार केली की रस्ता उत्तम आहे, काही अडचण नाही! टूरमालेचा माथा २११५ मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईहून साडेचारशे मीटरांनी उंच, आणि लूझ गावाहून चढायचा तर एकोणीस किलोमीटरांत चौदाशे मीटर. कसारा ते इगतपुरी आपण जेमतेम तीनशे मीटर चढतो. गिअर नसलेल्या जड सायकली, कच्च्या वाटा. ऑक्ताव्ह लापीझ सायकल हाताने ढकलत ओबिस्कच्या माथ्यावर आला आणि तिथे उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांना त्याने खुनी म्हटलं. ती शर्यत त्यानेच जिंकली.

खरी फाटाफूट १९३३ आणि १९३४ या दोन वर्षांत झाली. १९३३ मध्ये टूरने डोंगरांच्या राजाचा अधिकृत किताब सुरू केला. पहिला मानकरी बिथेंते त्रुएबा, चणीने इतका लहान की लोक त्याला ‘पिसू’ म्हणत. एकामागून एक माथे तो आधी गाठायचा, पण उताराला घाबरायचा, आणि दरीत पोचेपर्यंत मागचे त्याला गाठायचे. शर्यतीत तो सहावा आला. देग्रांजला दया आली असावी, कारण पुढल्या वर्षी माथ्यावर आधी पोचणाऱ्याच्या वेळेत सूट देण्याची सोय झाली. पण त्याच १९३४ मध्ये टूरमध्ये पहिली वैयक्तिक टाइम ट्रायलही आली. ती आंतोनँ मान्यने जिंकली आणि शर्यतही त्यानेच जिंकली. एका हाताने घाटवीराला मुकुट दिला आणि दुसऱ्या हाताने अष्टपैलूला किल्ली.

महायुद्धानंतर फाउस्तो कॉपी आला आणि त्याने हा वादच काही काळ निरर्थक करून टाकला. १९४२ मध्ये मिलानच्या ट्रॅकवर त्याने तासाभरात सर्वाधिक अंतर कापण्याचा जागतिक विक्रम केला होता, म्हणजे घड्याळाविरुद्ध तो राजा होता. डोंगरातही त्याच्यापुढे कोणी टिकत नसे. १९५२ पर्यंत टूरचा एकही टप्पा माथ्यावर संपत नव्हता, चढलेलं सगळं उतरावं लागे. त्या वर्षी प्रथमच तीन टप्पे माथ्यावर संपवले: आल्प द्युएझ, सेस्त्रिएरे आणि पुई द डोम. ही सोय खरं तर घाटवीरांची. तिन्ही टप्पे कॉपीने जिंकले. शर्यत त्याने २८ मिनिटं १७ सेकंदांनी जिंकली, आणि इतकी एकतर्फी की रंगत राहावी म्हणून संयोजकांना दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस वाढवावं लागलं.

यानंतरची सात-आठ वर्षं म्हणजे घाटवीरांचा सुवर्णकाळ. इथे जरा थांबायला हवं, कारण दोन माणसं अशी की त्यांच्याविना हा विषयच उभा राहत नाही.

पहिला शार्ली गॉल, लक्झेम्बर्गचा. गोरा, नाजूक चेहऱ्याचा, अबोल. लोक त्याला डोंगरांचा देवदूत म्हणत. उन्हात तो सामान्य वाटायचा. पाऊस आणि थंडी आली की त्याला पंख फुटत. ८ जून १९५६ रोजी इटलीच्या ‘जिरो’ शर्यतीत मेरानोहून मोंते बोंदोनेपर्यंतचा २४२ किलोमीटरचा टप्पा होता. पावसाचं बर्फ झालं. स्वार वाटेतल्या शेतघरांत आणि खानावळींत शिरले, कोणी गरम पाण्यात हात बुडवून बसले, पिवळ्याची गुलाबी बहीण म्हणावी ती आघाडीची जर्सी घातलेला पास्क्वाले फोर्नाराही शर्यत सोडून गेला. त्या दिवशी निघालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे पोचलेच नाहीत. सकाळी सोळा मिनिटांहून जास्त मागे असलेला गॉल मात्र आखूड बाह्यांच्या जर्सीत चढत राहिला. माथ्यावर त्याला सायकलवरून उचलून काढावं लागलं. गोठलेली जर्सी कापून उतरवली, गरम पाण्यात बसवलं, तेव्हा कुठे तो शुद्धीवर आला. गुलाबी जर्सी त्याची झाली आणि जिरोही. दुसरा आला फिओरेंझो माग्नी, खांद्याचं हाड मोडलेलं असताना! अशा माणसांची शर्यत होती ती.

पुढल्या वर्षी याच गॉलने जिरो हातची घालवली ती एका हास्यास्पद कारणाने. आघाडीवर असताना तो लघवीला थांबला. लुईझों बॉबे आणि गास्तोने नेन्चिनी यांनी तीच वेळ साधून हल्ला चढवला. गॉल मिनिटांनी मागे पडला. चिडलेल्या गॉलने मग उरलेले दिवस नेन्चिनीला साथ दिली, आणि बॉबे अवघ्या १९ सेकंदांनी हरला. घाटवीराने स्वतः न जिंकता कोण जिंकणार ते ठरवलं, असा हा नमुना.

१९५८ ची टूर. आल्प्समधल्या शेवटच्या टप्प्याला निघताना गॉल आघाडीवरच्या राफाएल जेमिनियानीच्या पंधरा मिनिटांहून अधिक मागे होता. आदल्याच टप्प्यांत सायकलीने दगा दिला होता. ब्रियांसों ते एक्स-ले-बेंच्या टप्प्याला सकाळपासून पाऊस. मी ल्युइतेलच्या अमुक वळणावर सुटणार आहे, असं त्याने बॉबेला आधीच सांगून ठेवलं होतं म्हणतात. सुटला तो सुटलाच. शार्त्रूझचे एकामागून एक घाट तो पावसात एकटा ओलांडत गेला आणि जेमिनियानीची जवळजवळ सगळी आघाडी एका दिवसात संपली. जेमिनियानी रडला, आपल्याच फ्रेंच भावंडांनी मदत केली नाही म्हणून त्यांना विश्वासघातकी म्हणाला.

ही कथा घाटवीराच्या विजयाची म्हणून सांगतात. मला ती अर्धवट वाटते. त्या संध्याकाळी गॉल अजूनही तिसऱ्या क्रमांकावर होता, इटलीच्या व्हितो फावेरोपेक्षा मिनिटभर मागे. शर्यत त्याने जिंकली ती दोन दिवसांनी, बेझांसों ते दिजों या ७४ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये. त्या वर्षीच्या तिन्ही टाइम ट्रायल गॉलने जिंकल्या होत्या. त्यातली पहिली ब्रिटनीमध्ये, डोंगरांपासून शेकडो किलोमीटर लांब, आणि तिथे हरला तो घड्याळाचा बादशहा आंकेतील, सात सेकंदांनी. म्हणजे घाटवीरांच्या बाजूने साक्षीला उभा केलेला सर्वांत मोठा साक्षीदार त्या वर्षापुरता अष्टपैलूच होता. आंकेतील त्या टूरमध्ये आजारी पडून बाहेर गेला, हेही विसरता येत नाही.

दुसरा माणूस बहामोंतेस, तोलेदोचा. स्पेनच्या यादवीनंतरच्या उपासमारीत वाढलेला. काळ्या बाजाराचं धान्य-भाजी सायकलवर वाहून त्याचे पाय तयार झाले. १९५४ मध्ये पहिल्याच टूरमध्ये तो एका घाटाच्या माथ्यावर सगळ्यांच्या पुढे पोचला, चाकाच्या तारा तुटल्या होत्या, संघाची गाडी मागे होती, म्हणून तिथल्या विक्रेत्याकडून आइस्क्रीम घेऊन तो खात बसला. लोकांनी त्याचा अर्थ असा लावला की गडी एकट्याने उतरायला घाबरतो. दोन्ही खरं असावं. उताराची त्याला धास्ती होतीच. आणि त्या वयात त्याला शर्यतीशी फारसं देणंघेणंही नव्हतं. माथा आपला, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

त्याला बदललं कॉपीने. म्हातारपणाकडे झुकलेल्या कॉपीने त्याला आपल्या संघात घेतलं आणि सांगितलं की तू टूर जिंकू शकतोस, फक्त माथ्यावर थांबू नकोस. १९५९ मध्ये बहामोंतेस सपाटीवर गप्प राहिला, मिनिटं वाया घालवली नाहीत. पुई द डोमवर त्या वर्षी टाइम ट्रायल होती, पण ती डोंगर चढण्याची. ती त्याने जिंकली. पेन्सिलवाल्याने घड्याळ घाटात नेऊन ठेवलं आणि घाटवीराचं काम झालं. मग ग्रेनोबलच्या टप्प्यात तो गॉलसोबत निसटला, टप्पा गॉलने घेतला आणि पिवळी जर्सी बहामोंतेसने.

तरीही ती पॅरिसपर्यंत पोचली ती फ्रेंचांच्या भांडणामुळे. तेव्हा टूर राष्ट्रीय संघांत खेळली जाई. फ्रान्सच्या मुख्य संघात आंकेतील आणि रोझे रिव्हिएर, दोघंही पुढारी, दोघांचं पटत नव्हतं. आणि प्रादेशिक संघातून आंरी आंग्लाद नावाचा दुसराच फ्रेंच माणूस दुसऱ्या क्रमांकावर चढला होता. आपल्या देशाचा पण आपल्या गटाचा नसलेला माणूस जिंकण्यापेक्षा स्पॅनिश माणूस जिंकलेला बरा, असा हिशेब त्यांनी केला हे बहुतेक इतिहासकारांचं मत आहे. पावसाळी उतारावर बहामोंतेस मागे पडला तेव्हा त्यांनी आंग्लादला साथ दिली नाही. बहामोंतेस ४ मिनिटं १ सेकंदाने जिंकला, टूर जिंकणारा पहिला स्पॅनिश. पॅरिसच्या स्टेडियममध्ये प्रेक्षकांनी आंकेतीलला शिट्ट्या घातल्या. राजकारण आपल्याकडे सहकारी साखर कारखान्यातच असतं असं समजणाऱ्यांनी ही शर्यत जरूर अभ्यासावी.

पुढे आंकेतीलने धडा घेतला, आणि १९६१ पासून टूर त्याच्या मुठीत गेली. टाइम ट्रायलमध्ये कमवायचं, डोंगरात राखायचं. लोक कंटाळले. तेव्हा संयोजक झाक गोदे यांनी १९६३ मध्ये टाइम ट्रायलचं एकूण अंतर छाटून ७९ किलोमीटरवर आणलं. हेतू उघड होता, बहामोंतेससारख्यांना वाव द्यायचा. आंकेतीलने काय केलं? शामोनीच्या डोंगरी टप्प्यात सायकल बिघडल्याचं नाटक करून चढासाठी हलकी सायकल घेतली, कारण तेव्हा बिघाडाशिवाय सायकल बदलायला मनाई होती. तो बहामोंतेसच्या चाकाला चिकटून राहिला, आणि टप्पाही जिंकला. शर्यत साडेतीन मिनिटांनी त्याचीच. बहामोंतेस दुसरा. माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणारं हे सर्वांत मोठं उदाहरण आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. अष्टपैलू पुरेसा मोठा असला तर पेन्सिलही हरते. सहा वर्षांनी, १९६९ मध्ये, एदी मर्क्सने पिवळी जर्सी, गुणांचा किताब आणि डोंगरांचा किताब असं सगळंच एका टूरमध्ये नेलं, दुसऱ्याला जवळजवळ अठरा मिनिटं मागे टाकून.

त्यानंतरचा प्रवास भराभर सांगता येतो. १९७६ मध्ये बेल्जियमचा लुसियँ व्हान इम्प जिंकला. कारकिर्दीत सहा वेळा डोंगरांचा राजा झालेला हा माणूस त्या किताबाच्या ठिपक्यांच्या जर्सीवर समाधानी असे. सिरिल गिमार हा त्याचा तरुण व्यवस्थापक प्ला दादेच्या टप्प्यात मागून ओरडत राहिला तेव्हा कुठे तो लवकर सुटला. त्या वर्षी मर्क्स शर्यतीत नव्हता. १९८४ मध्ये कोलंबियाच्या लुइस एरेराने आल्प द्युएझ जिंकला, हौशी खेळाडू असूनही. १९८७ मध्ये तो स्पेनची ‘व्हुएल्ता’ जिंकला, दक्षिण अमेरिकेचा पहिला. पण आघाडीवरचा शॉन केली शेवटच्या दिवसांत खोगिराच्या गळवाने बसूच शकेना, हेही त्या विजयात आलं. मग इंदुराइनची पाच वर्षं. १९९२ मध्ये लक्झेम्बर्गच्या ६५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये त्याने दुसऱ्याला तीन मिनिटांनी मागे टाकलं, आणि आपल्याआधी सहा मिनिटं सुटलेल्या लोरां फिन्योंला वाटेत गाठलं. हे पाहिल्यावर घाटवीरांनी काय करायचं?

१९९८ मध्ये पांतानीने केलं. लांब टाइम ट्रायलमध्ये यान उलरिखने त्याला चार मिनिटांहून जास्त मागे टाकलं होतं. गालिबिएच्या चढावर, थंड पावसात पांतानी सुटला आणि ले द्यू आल्पला पोचेपर्यंत त्याने उलरिखला जवळजवळ नऊ मिनिटं मागे टाकलं. त्याच वर्षी तो जिरोही जिंकला होता. हे वाचून उचंबळून येतं, पण ती टूर फेस्टिना संघाच्या उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणाने पोखरलेली होती. २०१३ मधल्या फ्रेंच सिनेटच्या अहवालाने पांतानी आणि उलरिख दोघांच्याही जुन्या नमुन्यांत ईपीओ हे उत्तेजक सापडल्याचं उघड केलं. घाटवीर आणि अष्टपैलू यांची तुलना करायला त्या दशकाचे आकडे मी तरी वापरणार नाही.

अलीकडच्या दोन गोष्टी मात्र अगदी स्वच्छ बोलतात. २०११ मध्ये अँडी श्लेकने इझोआरवर साठेक किलोमीटर आधी हल्ला करून गालिबिएचा माथा एकट्याने गाठला, दुसऱ्या दिवशी पिवळी जर्सी घेतली आणि शेवटच्या टाइम ट्रायलला तो केडल इव्हान्सच्या ५७ सेकंद पुढे उभा राहिला. ग्रेनोबलच्या ४२.५ किलोमीटरांत त्याने अडीच मिनिटं गमावली. शर्यत इव्हान्सची. आणि २०१५. त्या वर्षी वैयक्तिक टाइम ट्रायल फक्त १३.८ किलोमीटरची होती, घाटवीराला याहून चांगला नकाशा मिळणं कठीण. कोलंबियाच्या नाइरो किंतानाने आल्प द्युएझवर क्रिस फ्रूमकडून ८० सेकंद ओढून काढले आणि तरी १ मिनिट १२ सेकंदांनी तो हरला. हे सेकंद गेले कुठे? दुसऱ्या दिवशी, हॉलंडच्या समुद्राकाठी, जिथे डोंगर म्हणून बांध असतात. आडव्या वाऱ्याने घोळका फुटला, किंताना मागच्या तुकड्यात अडकला आणि १ मिनिट २८ सेकंद गमावून बसला. त्या टूरचा सर्वांत मोठा घाटवीर समुद्रसपाटीला हरला.

आज हा भेद पुसट झाला आहे. २०२० मध्ये ताडेय पोगाचारने डोंगरमाथ्यावर संपणाऱ्या टाइम ट्रायलमध्ये प्रिमोझ रोग्लिचची ५७ सेकंदांची आघाडी उलटवली. पिवळी आणि ठिपक्यांची, दोन्ही जर्सी त्याच्याच. २०२३ मध्ये विंगेगार्ड नावाच्या सायकलपटूने तशाच, डोंगर असलेल्या टाइम ट्रायलमध्ये पोगाचारला दीड मिनिटाहून अधिक मागे टाकलं. लांब, सपाट, एकट्याने पळायचे सत्तर किलोमीटर आता कोणी ठेवत नाही. ते ठेवले तर आजचे हलके विजेते कितपत टिकतील, हा प्रश्न मला पडतो. पण प्रेक्षक टीव्हीसमोरून उठून जातील, आणि संयोजकाला तेही पाहावं लागतं.

आता आपल्याकडे येऊ. नाशिकच्या माणसांनी सायकलवर मोठी कामं केली आहेत. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, ४८०० किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पुरी केली, असं करणारा तो पहिला भारतीय संघ. पण त्या शर्यतीत टप्पे नसतात, घड्याळ थांबत नाही. टिकून राहण्याची ती कसोटी, घाट विरुद्ध सपाटी असा प्रश्न ती विचारत नाही.

तो प्रश्न विचारायला लागणारा नकाशा मात्र नाशिकला घरबसल्या मिळाला आहे. बोरघाट किंवा कसारा ओलांडून पुढे जावं लागतं. नांदुरीहून सप्तशृंगगडावर जाणारा दहाएक किलोमीटरचा घाट गडावरच संपतो, त्यापुढे कोणाला कोणाला गाठता येत नाही. तेव्हा इथल्या सायकल संघटनांना माझी विनंती आहे. चैत्राची आणि नवरात्राची गर्दी टाळून दोन दिवसांची शर्यत भरवा. शनिवारी पहाटे त्र्यंबक रस्त्यावर एकेकाला सोडून पंचवीस किलोमीटरची टाइम ट्रायल घ्या, रविवारी नांदुरी ते गड. दोन्ही दिवसांच्या वेळांची बेरीज करून विजेता ठरवा. आणि घाटाच्या राजाचं वेगळं बक्षीस ठेवू नका.